मडमला मराठी शिकवताना

बेचाळीस साली माझी शाळेतली नोकरी गेली आणि एका इंग्रज बाईला मराठी शिकवायची नोकरी मिळाली. दोन्हींचं कारण एकच होतं, माझा मोठा भाऊ.

दादा नागपूरला कॉलेजात होता. ऑगस्टात चळवळ पेटली तसा तो घरी न येता थेट पांढुर्ण्याला उतरला आणि स्टेशनाबाहेर तारा तोडणाऱ्या पोरांमध्ये पकडला गेला. सौंसरला बातमी आली तेव्हा मी मुलींच्या शाळेत तिसरीला बेरजा घालत होते. शाळेच्या कमिटीतले एक गृहस्थ दुपारी घरी आले, बाबांपुढे बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "गुरुजी, बाईंना थोडे दिवस घरीच राहू द्या. वातावरण निवळू द्या." वातावरण काही निवळलं नाही. माझ्या जागी दुसरी बाई आली.

बाबा निवृत्त मास्तर. तहसील कचेरीतली अर्धी माणसं त्यांच्या छडीखालून गेलेली. त्यातल्याच एकानं महिन्याभरानं निरोप आणला, की मँगनीजच्या खाणीवरच्या मॅनेजरसाहेबाच्या मडमला मराठी शिकायची आहे, इंग्रजी येणारी बाई हवी आहे. सौंसरात इंग्रजी येणारी बाई म्हणजे मीच. बाबांनी हौसेनं शिकवलं होतं, मॅट्रिकला नागपूरला बसवलं होतं.

आई चुलीपुढून उठलीच नाही. तिथूनच म्हणाली, "ज्याहीनं पोरगं आत टाकलं, त्याहीच्याच घरी जाऊन राहिली का तू?"

बाबांनी पानाला चुना लावला. मग म्हणाले, "शिकवायलेच जाऊन राहिली ना? शिकायले तर नाही?"

आईला ते पटलं नाही. मलाही पटलं होतं असं नाही. पण घरात बसून राहणंही होत नव्हतं. सोमवारी खाणीची दमणी, बैलांची छोटी गाडी, दारात आली आणि मी बसले.

खाण म्हणजे जमिनीत खोदलेला एक प्रचंड उघडा खड्डा. खालून बाया डोक्यावर टोपल्यांतून काळा दगड वर आणत. तो धुऊन, निवडून नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं नागपूरकडे जाई आणि तिथून पुढे लढाईवर. त्या दगडानं पोलाद मजबूत होतं आणि पोलादाच्या तोफा होतात, असं साहेबानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "इथली प्रत्येक टोपली म्हणजे हिटलरच्या तोंडावर एक ठोसा आहे," तो म्हणाला. टोपल्या वाहणाऱ्या गोंडांच्या आणि महारांच्या बायांना हिटलर कोण ते ठाऊक नव्हतं.

साहेब उंच, वाकलेला, शांत आवाजाचा. त्याला चिडलेलं मी फक्त एकदाच पाहिलं. बंगल्याच्या खालच्या अंगाला मजुरांच्या झोपड्यांची ओळ होती आणि ओळीच्या तोंडाशी त्यानं बांधलेली पाण्याची टाकी. बंगल्यावर जो येई त्याला साहेब ती दाखवी. मलाही दाखवली.

"हे लोक ओढ्याचं पाणी पीत होते," तो म्हणाला. "कल्पना कर. ओढ्याचं! आता कोणी भाषण करायला आलं, की इंग्रजांनी आम्हाला काय दिलं, तर मी त्याला ही टाकी दाखवीन."

ओढा मी रोज ओलांडत असे. पाणी काळं आणि तेलकट होतं. दमणी हाकणाऱ्या म्हाताऱ्याला मी विचारलं, तर तो हसला. "बाई, थ्या दगडाले याच पान्यात धुते ना. खान नव्हती तवा या ओढ्यात पैसा टाकला तं तळाशी दिसे." मी हे साहेबाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याला खरंच वाईट वाटलं असतं, आणि मग त्यानं आणखी एक टाकी बांधली असती.

मडम निराळी होती. तिशीतली, किरकोळ, सतत काहीतरी करत असणारी. बंगल्याच्या व्हरांड्यात ती रोज सकाळी औषधं वाटायची. डोळ्यात थेंब घालायची, खरूज धुवायची, क्विनाइन द्यायची. बाया पोरं घेऊन रांगेत बसत. त्यांच्याशी बोलता यावं म्हणून तिला मराठी हवी होती. हे खरं होतं आणि चांगलंही होतं. तिचा दुस्वास करायला मला पुष्कळ दिवस लागले, ते यामुळेच.

तिला थोडी मराठी आधीच येत होती, पण ती सगळी हुकमाची. आण, ने, थांब, उघड, धू, चूप बस. माणसाला दुसरं काही म्हणायचं असतं, विचारायचं असतं, हे तिला शिकवणाऱ्यानं सांगितलंच नव्हतं. आणि सगळ्यांना 'तू'. एकदा मला न्यायला बाबा आले. पांढरे केस, डोक्यावर पागोटं, हातात काठी. मडमनं मोठ्या आस्थेनं खुर्ची पुढे केली आणि म्हणाली, "तू बस."

बाबा बसले. मान खाली घालून बसले. ते गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी तिला 'तुम्ही' शिकवलं. मोठ्या माणसाला, मानाच्या माणसाला 'तुम्ही' म्हणतात, असं समजावलं.

तिनं लिहून घेतलं आणि मग वर पाहून अगदी निर्मळपणे विचारलं, "पण इथे मी ते कोणाला म्हणायचं?"

ती चेष्टा करत नव्हती. तिच्या मनात तिनं सगळी सौंसर तहसील एकदा नजरेखालून घातली होती आणि तिला माणूस सापडला नव्हता.

हळूहळू ती माझ्याशी बोलू लागली. तिचा धाकटा भाऊ सिंगापूरला पलटणीत होता. सिंगापूर जपान्यांनी घेतलं तेव्हापासून त्याचा पत्ता नव्हता. ती म्हणाली, "त्या दिवशी रेडिओवर बातमी आली. खानसाम्यानं नेहमीसारखी न्याहारी मांडली. सगळं नेहमीसारखं होतं, अंडी, टोस्ट, चहा. फक्त त्यानं माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यानं माझ्या तोंडाकडे कधी पाहिलं नव्हतं. मला वाटतं आमचं काहीतरी त्या दिवशी गेलं."

मला तिच्या भावासाठी वाईट वाटलं. माझाही भाऊ आत होता. मी तसं बोलून गेले. तिला ठाऊक होतंच. तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुझा भाऊ चांगल्या घरचा मुलगा आहे. त्याला कोणीतरी भरीस घातलं असणार. तुमची माणसं मुळात अशी नाहीत."

ती हे सांत्वन म्हणून म्हणाली. मी दमणीत बसले तेव्हा तिचा हात लागलेली जागा पदरानं पुसत होते, ते माझं मलाच ओढ्यापाशी आल्यावर कळलं.

दादा सुटून आला तो लढाई संपायच्या आधी, उन्हाळ्यात. डाव्या कानानं त्याला ऐकू येत नव्हतं. चौकीवर पहिल्याच रात्री मारलं होतं. मारणारा शिपाई आपलाच, मराठी बोलणारा. दादा त्याबद्दल फारसं बोलत नसे. समोरचा बोलू लागला की उजवा कान पुढे करी, आणि त्यामुळे तो सगळ्यांकडे संशयानं पाहतो आहे असं वाटे.

मी कुठे जाते ते त्याला आईनं सांगितलं. मला भीती होती. पण तो जेवता जेवता म्हणाला, "शिकव. चांगली शिकव. समोरचा 'नाही' म्हणून राहिला, थे तिले समजलं पाहिजे."

खाणीवरच्या पोरांसाठी त्यानं झोपड्यांच्या ओळीत संध्याकाळची शाळा काढली. साहेबानं परवानगी दिली. उलट त्याला आनंद झाला. "पाहा," तो मला म्हणाला, "तुरुंगानं शहाणा केला." महारांची, गोंडांची पोरं पाटीवर अक्षरं काढत. मागे त्यांच्या आया बसत. अक्षरांपेक्षा त्यांना बोलायचं असे. दादाला एकाच कानानं ऐकू येई आणि तो कान त्यानं त्यांना दिला होता.

त्या बोलत त्या खड्ड्याच्या पूर्वेकडच्या भिंतीबद्दल. खाणीचा ठेकेदार सौंसरचाच, आमच्याच आळीतला, दोन घरं सोडून राहणारा. माल लवकर निघावा म्हणून त्यानं भिंत वरून पायऱ्यांनी उतरवायची सोडून खालून कोरायला घेतली होती. वर मातीचा डोंगर आणि खाली पोकळी. बाया त्या पोकळीत जाऊन टोपल्या भरत. वरून माती गळत असे. त्यांनी मुकादमाला सांगितलं, मुकादमानं ठेकेदाराला सांगितलं. ठेकेदारानं काय केलं ते कोणालाच कळलं नाही. दादा त्याच्या घरी जाऊन आला. ठेकेदारानं चहा दिला, "पाहतो ना भाऊ" म्हणाला.

लढाई संपल्यानंतरच्या हिवाळ्याअखेरीस गारपीट झाली. आमच्याकडच्या संत्र्याच्या बागा झोडपून निघाल्या, आंब्या बहाराचा, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या मोसमाचा, फुलोरा जमिनीवर पडला. दोन दिवस खाण बंद होती. तिसऱ्या दिवशी उघडली आणि दहा वाजायच्या सुमारास भिंत बसली.

मी व्हरांड्यात मडमला क्रियापदं शिकवत होते. फार मोठा आवाज झाला असंही नाही. गोदामात पोती ओतावीत तसा. मग ओरडा.

सात बाया गेल्या. त्यातली एक दर आठवड्याला आपल्या पोराचे डोळे धुवायला मडमकडे येणारी. मडमनं तिचं नाव पाठ केलं होतं.

मला इथे एक सांगितलं पाहिजे. मडम त्या दिवशी रडली. खोटं नाही, दार लावून, उशीत तोंड खुपसून रडली. दुसऱ्या दिवशी तिनं चादरी, दुधाच्या पावडरीचे डबे, साबण असं सगळं टोपलीत भरलं आणि मला म्हणाली, "चल. मला त्यांच्याशी बोलायचं आहे. कमी पडले तर तू सांग."

त्या बाईची सासू झोपडीच्या दाराशी बसली होती. मांडीवर ते डोळे आलेलं पोर. मडम तिच्यासमोर उकिडवी बसली. मी तिला तशी बसलेली कधी पाहिली नव्हती. तिनं टोपली पुढे सरकवली.

म्हातारीनं टोपलीकडे पाहिलं नाही. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तिले सांग बाई, दूध नको मले. भिंत खालून कायले कोरली थे विचार. आम्ही सांगून राहिलो होतो का वरून माती गळून राहिली म्हनून. आयकलं कायले नाही थे विचार तिले."

मी शब्दाला शब्द सांगितलं. खरं तर सांगायची गरज नव्हती. तीन वर्षं मी शिकवलं होतं. 'कायले' म्हणजे 'का', हे मडमला चांगलं ठाऊक होतं. म्हातारी बोलत असतानाच मडमचा चेहरा बदलत गेलेला मी पाहिला होता.

ती माझ्याकडे वळली. आवाज अगदी मऊ. "ती असं म्हणाली नाही."

"म्हणाली, मडम."

"हे तिचे शब्द नाहीत. हे तुझ्या भावाचे शब्द आहेत. ही साधी माणसं आहेत. दुःखात माणूस असं बोलत नाही."

मग ती पुन्हा म्हातारीकडे वळली, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि स्पष्ट मराठीत म्हणाली, "रडू नको."

म्हातारी रडत नव्हतीच. ती टक लावून मडमकडे पाहत होती. थोड्या वेळानं तिनं खांद्यावरचा हात दोन बोटांनी उचलला आणि खाली ठेवला, दुसऱ्याची वस्तू परत करावी तसा.

त्याच आठवड्यात मजूर कामावर गेले नाहीत. मागण्या साध्या होत्या. भिंत वरून उतरवा, ठेकेदाराला काढा, मेलेल्यांच्या घरी काही द्या. आणि त्याच आठवड्यात रेडिओवर बातमी आली, की मुंबईला आरमारातल्या खलाशांनी बंड केलं, जहाजांवरचे झेंडे उतरवले. साहेबाला त्या बातमीनं फार लागलं. पलटण नव्हे, पोलीस नव्हे, आरमार! तो व्हरांड्यात येरझारा घालत होता. त्याच्या डोक्यात दोन्ही गोष्टी जोडल्या गेल्या. मुंबईहून कोणीतरी सौंसरला निरोप धाडला, असं त्याचं पक्कं झालं. झोपड्यांतल्या त्या माणसांनी कन्हान नदीपेक्षा मोठं पाणी जन्मात पाहिलं नव्हतं.

त्यानं दादाला बोलावलं. मी तिथेच होते. साहेब खुर्चीवर बसला, दादा उभा.

"मी तुला शाळा काढू दिली," साहेब म्हणाला.

"हो साहेब. त्याबद्दल आभारी आहे." दादा इंग्रजीत बोलत होता, कॉलेजातल्यासारखं नीट.

"आम्ही जाणार आहोत. तुम्हाला काय वाटतं, आम्हाला कळत नाही? लंडनला ते ठरवूनच बसले आहेत. मी अठरा वर्षं या खड्ड्याकाठी काढली. इथे काही नव्हतं. रस्ता नव्हता, गाडी नव्हती, पाणी नव्हतं. तुम्ही एकमेकांचे गळे धराल. हिंदू मुसलमानाचा, मराठी हिंदीवाल्याचा. पाच वर्षांत आम्हाला बोलवायला माणसं पाठवाल. आम्ही येणार नाही."

दादानं उजवा कान पुढे केला होता. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "साहेब, मी हिंदुस्थानाबद्दल बोलायला आलो नाही. मी भिंतीबद्दल बोलायला आलो आहे."

"भिंत हे निमित्त आहे!"

"नाही साहेब. भिंतच आहे."

तेव्हा साहेब चिडला. टेबलावरचा काचेचा पेला त्यानं हातानं उडवला. "अठरा वर्षं!" तो ओरडला. "आणि तुम्ही मला एका भिंतीवरून मोजता?"

दादा खाली उतरला. मी त्याच्यामागे गेले नाही, मला मडमनं दंडाला धरून ठेवलं होतं. ती कुजबुजली, "त्याला फार दुखावलंय. तुझ्या भावाला समजत नाही का, किती दुखावलंय ते?" सात बाया मातीखालून काढून जेमतेम आठवडा झाला होता, आणि त्या घरात दुखावलेला एकटा साहेब होता.

छिंदवाड्याहून पोलीस आले. पुन्हा आपलेच. झोपड्यांत शिरून त्यांनी भांडी फोडली, माणसं बडवली, दादाला आणि आणखी पाचसहा जणांना धरून नेलं. दहाव्या दिवशी बाया खड्ड्यात उतरल्या. भिंत वरून उतरवायला घेतली, एवढं मात्र झालं. साहेबानं ते स्वतःहून केलं, असं त्यानं वरच्यांना कळवलं. ठेकेदार तसाच राहिला.

मी शेवटची बंगल्यावर गेले ती मी येणार नाही हे सांगायला. मडम व्हरांड्यात पुस्तक उघडून बसली होती. मधे काही घडलंच नाही अशी. मी सांगितलं. तिला ते कळेचना.

"पण तू इथे सुखी होतीस," ती म्हणाली.

मी नमस्कार केला आणि पायी घरी आले.

दादा त्या वेळी लवकर सुटला. सरकार बदलायला लागलं होतं, नागपूरला आपले मंत्री आले होते. पण काम कुठेच मिळेना. सत्तेचाळीसच्या पंधरा ऑगस्टला सौंसरला मिरवणूक निघाली, पेढे वाटले. दादा बाबांना घेऊन झेंडा पाहायला गेला. त्या दिवशी तो खरोखर आनंदात होता, आईच्या पाया पडला. तो आनंद खोटा होता असं मी आजही म्हणणार नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी खाण नागपूरच्या एका शेठला विकली गेली आणि साहेबाचा निरोप समारंभ झाला. तो भरवला ठेकेदारानं. डोक्यावर कोरी खादीची टोपी होती, अजून इस्त्रीची घडी न मोडलेली. गावातले झाडून सगळे प्रतिष्ठित हजर. मडमनं मला खास निरोप पाठवला होता, म्हणून मी गेले. दादा म्हणाला, "जा. पाहून ये."

साहेब बोलला. ठेकेदारानं मला भाषण मराठीत सांगायला उभं केलं. साहेब म्हणाला, आम्ही हरून जात नाही. मुलगा कर्ता झाला की बाप किल्ल्या त्याच्या हाती देतो, तसं आम्ही देऊन जातो आहोत. मी ते सांगितलं. मांडवात टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या एकदोघांनी उपरण्यानं डोळे पुसले. माझ्या शाळेच्या कमिटीतले ते गृहस्थ त्यातलेच. त्या टाळ्यांचा आवाज मला आजही सहन होत नाही. साहेब स्वतःला बाप म्हणाला याचं मला काही वाटलं नाही, तो तसंच समजत आला होता. पण मांडवभर माणसं लेकरं व्हायला इतकी उतावीळ होती!

चहाच्या वेळी मडम मला बाजूला घेऊन गेली. तिच्या भावाची बातमी तिला लढाई संपल्यावर कळली होती, जपान्यांच्या छावणीत आजारानं गेला. ती फार वाळली होती.

"तुम्ही आता तुमची पुस्तकं लिहाल," ती म्हणाली. "त्यात आम्ही क्रूर होतो असं लिहाल. तू सांग, तू आम्हाला जवळून पाहिलंस. आम्ही क्रूर होतो?"

मी म्हणाले, "नाही मडम. तुम्ही ऐकलं नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "पण मी तुमची भाषा शिकले," ती म्हणाली. "या प्रांतातल्या किती इंग्रज बाया शिकल्या? मी शिकले!"

तिनं मला जवळ घेतलं, गालाला गाल लावला. दुसऱ्या दिवशी ती दोघं छोट्या गाडीनं गेली.

शेठच्या मुनिमानं पहिलं काय केलं असेल, तर टाकीची देखभाल बंद केली. मेलेल्या बायांच्या घरच्यांसाठी दादा त्याच्याकडे खेटे घालत होता. मुनीम म्हणाला, "वो तो अंग्रेज के टाइम का मामला है." मग दादा छिंदवाड्याला जिल्ह्याच्या नव्या कलेक्टरसाहेबाकडे गेला. नवा साहेब आपला होता. त्यानं दादाला खुर्ची दिली, हे नमूद केलं पाहिजे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाई, अब तो अपना राज है. अब किससे लड़ रहे हो?" दादा खुर्चीवरून उठला आणि घरी आला.

मला शाळेतली जागा परत मिळाली. कमिटीतले तेच गृहस्थ घरी आले, पाणी प्याले आणि म्हणाले, "आमच्या गावाची कन्या!" मी रुजू झाले. मला शिकवायचं होतं.

मग राज्यं नव्यानं पाडायची ठरली, भाषेप्रमाणे. सौंसर-पांढुर्णा मराठी, हे कोणाला सांगायची गरज नव्हती. बाजार नागपूरचा, सोयरिकी नागपूर-काटोलच्या, संत्री नागपूरला जात. दादा पुन्हा उभा राहिला. मोहगाव, बोरगाव, पांढुर्णा, गावोगाव फिरला. लोकांना सांगत होता, की आपण ज्या बोलीत रडतो-भांडतो त्याच बोलीत आपली कचेरी असावी, एवढंच मागायचं आहे. तेव्हा मला तो जुना दादा परत आल्यासारखा वाटला. माणसं ऐकायला जमत. पण अर्जावर सही करायची वेळ आली की म्हणत, "भाऊ, वरच्याहीनं ठरवलं असन तेच होईन."

त्यांचं खरं ठरलं. छप्पन साली नागपूर आणि सगळा विदर्भ तिकडे मुंबईकडे गेला, आम्ही इकडे मध्य प्रदेशात राहिलो. राजधानी रात्रीतून नागपूरची भोपाळ झाली. भोपाळ आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नव्हतं. जिल्ह्याहून एक अधिकारी गावात समजूत घालायला आला. भला माणूस. हिंदीत बोलला, की छोट्या प्रांतांच्या, छोट्या बोलींच्या गोष्टी आता सोडा, मोठं घर मिळालं आहे, रस्ते होतील, नळ येतील, काही वर्षांनी तुम्हीच आमचे आभार मानाल.

दादा माझ्या शेजारी बसला होता. त्याला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. त्यानं उजवा कान माझ्याकडे करून विचारलं, "काय म्हणून राहिला?"

"नळ देतील म्हणून राहिला," मी म्हणाले.

तो उठून बाहेर गेला. मी शेवटपर्यंत बसले. टाळ्या झाल्या.

पुढच्या वर्षी निवडणूक होती. ठेकेदार एका सकाळी आमच्याकडे आला, चपला बाहेर काढून. आता त्याची टोपी चांगली मुरलेली होती. दादाच्या समोर जमिनीवर बसला, हात जोडले.

"भाऊ, तुम्ही जेल भोगली. गावात तुमचा मान हाय. मंचावर माह्या बाजूले फक्त बसा. बोलू नका, काही करू नका. बसा फक्त."

दादा म्हणाला, "त्या सात बायांची नावं सांग. सांगितली तर येतो."

ठेकेदार विचार करू लागला. खरंच आठवायचा प्रयत्न करत होता. त्याला एकही आठवलं नाही. तो संतापलाही नाही, ओशाळलाही नाही. "लई दिवस झाले ना भाऊ," म्हणाला आणि उठला. दारात आई भेटली, तिच्या पाया पडला.

तो मोठ्या मतांनी निवडून आला. खाणीच्या झोपड्यांतली मतंही त्यालाच पडली. दादा मामाच्या मोहगावच्या बागेवर राहायला गेला तो पुन्हा गावात फारसा आला नाही. मी सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन जात असे. तो आळ्यांना पाणी सोडत असे आणि मी धुऱ्यावर, बागेच्या बांधावर, बसत असे. राजकारणाचा शब्द तो काढू देत नसे. एकदा मी न राहवून म्हणाले, की एकमेकांचे गळे धराल, हे साहेबाचं बोलणं आपल्या लोकांनी खरं करून दाखवलं.

तो फावडं थांबवून म्हणाला, "नाही. साहेबाले वाटत होतं आपण त्याले बोलवायले जाऊ. आपल्याले त्याची गरजच पडली नाही." आणि पाणी दुसऱ्या आळ्यात वळवलं.